झाडाला विचारा उन्हाळा!

‘असा उन्हाळा कधीच नव्हता बुवा!’ ऑफिसच्या लिफ्टमध्ये हे दर मे महिन्यात ऐकू येतं. पत्रकार असल्यामुळे माझा प्रश्न ठरलेला, ‘पुरावा काय?’ थर्मामीटरच्या नोंदी फार तर दोन-तीनशे वर्षांच्या. त्याआधीचं कोण सांगणार?

एका असाइनमेंटसाठी वाचत बसले आणि थेट उत्तर स्वीडनला, टोर्नेत्रेस्क तळ्याकाठच्या पाइन वृक्षांपाशी पोचले. तिथल्या झाडाला वानवा असते ती उबेची. उन्हाळा उबदार गेला की खोडाच्या त्या वर्षीच्या कड्यात दाट, गडद लाकूड तयार होतं. थंड गेला तर विरळ, फिकं. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढी कांडी काढायची (झाड मरत नाही, घाबरू नका!) आणि एक्स-रेने घनता मोजायची. मग जिवंत झाडांची कडी जुन्या, मेलेल्या ओंडक्यांच्या कड्यांशी जुळवत मागे मागे जायचं. कीथ ब्रिफा आणि सहकाऱ्यांनी १९९० साली असा १४०० वर्षांच्या उन्हाळ्यांचा हिशेब ‘नेचर’मध्ये मांडला. हिवाळ्याबद्दल मात्र झाड अवाक्षर काढत नाही, तेव्हा ते झोपलेलं असतं. आपल्या सागाचं वेगळंच. पुण्यातल्या आयआयटीएमचे संशोधक त्याच्या कड्यांत पावसाळा शोधतात.

पेरूमधला वायनापुतिना ज्वालामुखी १६०० साली फुटला. पुढच्या, म्हणजे १६०१च्या उन्हाळ्यात उत्तर गोलार्धातली झाडं अक्षरशः गारठली. सहाशे वर्षांत इतका थंड उन्हाळा नव्हता. रशियात त्याच वर्षी भीषण दुष्काळ सुरू झाला. कुठे पेरू, कुठे रशिया!

पण गोची पुढेच आहे. साधारण १९६०नंतर उत्तरेकडच्या काही जंगलांत पारा चढतोय, लाकडाची घनता मात्र त्याच्या मागे पडतेय. का, यावर अजून वाद आहे. जागतिक हवामान संघटनेसाठी १९९९ साली केलेल्या एका आलेखात हा घसरता भाग छाटून तिथे थर्मामीटरचे आकडे जोडले गेले. २००९ साली शास्त्रज्ञांचे ई-मेल फुटले आणि एकच बोंब उठली. चौकशीत त्यांच्या सचोटीबद्दल शंका उरली नाही, पण तो आलेख दिशाभूल करणारा होता, असंही निघालं. मला विचाराल तर, घसरण ठळक दाखवायला हवी होती. पॉवरपॉइंटमधला नकोसा क्वार्टर झाकायचा मोह आपल्याला काय नवा आहे?

गंमत म्हणजे टोर्नेत्रेस्कला नव्याने कांड्या काढल्यावर २००८ साली हॉकन ग्रुड यांना तिथली ही तफावत बरीच मिटलेली दिसली. पण त्याच वेळी इसवी सन १०००च्या सुमाराचे तिथले उन्हाळेही विसाव्या शतकाच्या अखेरीइतके किंवा जास्तच उबदार निघाले. अर्थात, ही एका तळ्याकाठची नोंद. जगाचं बोलायचं तर ठिकठिकाणच्या कांड्या एकत्र मांडाव्या लागतात.