दोन पुस्तकं आणि ५०० रुपये

मुलांनो, तुमच्यापुढं दोन पुस्तकं ठेवली आणि पैसे मात्र एकाचेच दिले, तर कोणतं घ्याल? एकाच्या मुखपृष्ठावर चकचकीत यंत्रमानव. आत माहिती कृत्रिम बुद्धिमत्तेची. दुसऱ्यावर केसांचा टोप घातलेला एक गंभीर गृहस्थ. आत जुनं अर्थशास्त्र. तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. यंत्रमानव! माझ्या भाचीचाही हात आधी तिकडेच गेला होता.

ती शिवऱ्याची. कात्रजचा बोगदा ओलांडून साताऱ्याकडे निघालात, की खेड शिवापूरच्या पुढं भोर तालुक्यातलं हे गाव लागतं. नववीत आहे. निबंधस्पर्धेचे ५०० रुपये मिळाले, म्हणून आम्ही पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलो होतो.

"मामा, कोणतं घेऊ?"

"आधी सांग, तुला जाणून काय घ्यायचंय?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "आई गोदामात खोकी भरायला जाते ना, तिथं म्हणे आता मशीन येणार आहे. मग आईचं काम राहील का?"

आता हा प्रश्न कुठल्या कपाटातला? यंत्राच्या की पैशाच्या? खरं म्हणजे ही दोन कपाटं वाटतात तितकी लांब नाहीत.

तो टोपवाला गृहस्थ म्हणजे ॲडम स्मिथ. त्याचा ग्रंथ १७७६ सालचा. त्यात टाचण्यांचा कारखाना आहे. एकट्या माणसाला दिवसभरात २० टाचण्याही धड व्हायच्या नाहीत. पण एकानं तार ओढायची, दुसऱ्यानं सरळ करायची, तिसऱ्यानं तोडायची, चौथ्यानं टोक काढायचं, असं काम वाटून घेतलं तर १० माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करतात, असा त्याचा हिशेब. भाचीला यात नवल वाटलं नाही. भातलावणीत तरवा उपटणाऱ्या वेगळ्या, मुठी वाहून नेणारा वेगळा आणि चिखलात वाकून लावणाऱ्या वेगळ्या, हे तिनं बांधावरून नव्हे, चिखलात उभं राहून पाहिलंय.

गंमत पुढंच आहे. स्मिथ वाचून फ्रान्सच्या प्रोनी नावाच्या अभियंत्यानं १७९० च्या दशकात लॉगॅरिदमची कोष्टकं टाचण्यांसारखी बनवायचं ठरवलं. वर मोजके गणिती. खाली साठ-ऐंशी माणसं, त्यांनी फक्त बेरीज-वजाबाकी करायची. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं म्हटलं, मग हे खालचं काम यंत्रच का करणार नाही? त्यानं तसं यंत्र बांधायला घेतलं. ते त्याच्या हातून पुरं झालं नाही, पण आजच्या संगणकाचे पणजोबा शोधायला गेलात तर तोच भेटतो. म्हणजे पाहा, टाचणीपासून निघालेली वाट संगणकापाशी आली!

आणखी एक नाव सांगतो, हर्बर्ट सायमन. १९७५ साली ॲलन न्यूएलबरोबर संगणकशास्त्राचं ट्यूरिंग पारितोषिक आणि १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल, दोन्ही याच माणसाला. माणूस सर्वांत उत्तम तेच शोधत बसत नाही, चालण्याजोगं मिळालं की थांबतो, असं तो सांगे. तासभर दुकानात उभं राहून आमचे पायही तेच सांगत होते.

आणि हो, अर्थशास्त्र म्हणजे फक्त साहेबाचं, असं समजू नका. आपल्या लोकहितवादींनी १८४९ साली 'लक्ष्मीज्ञान' लिहून हा विषय मराठीत आणला होता.

मी कौल दिला जुन्या अर्थशास्त्राला. कृत्रिम बुद्धिमत्तेची पुस्तकं ताज्या भाजीसारखी, दोन-तीन वर्षांत शिळी होतात. भाचीचा प्रश्न मात्र डेव्हिड रिकार्डोनं १८२१ सालीच विचारून ठेवलाय. आधी त्याला वाटे, यंत्रामुळं सगळ्यांचंच भलं होतं. मग आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यानं यंत्रांवर नवं प्रकरण घातलं आणि चक्क लिहिलं, की आपलं मत बदललंय. यंत्रामुळं मजुरांचं नुकसान होऊ शकतं; मालकाचा नफा वाढेल, पण मजुरीला लागणारा पैसा यंत्रात अडकेल. एवढ्या मोठ्या माणसानं असं छापून सांगावं, हे मला फार आवडतं. तरीही यंत्रं अडवा, असं तो म्हणत नाही. का? तर एका देशानं अडवली, की भांडवल दुसऱ्या देशात जाईल!

भाचीनं ते प्रकरण समजावून सांगितल्यावर ताईनं एवढंच विचारलं, "मशीन चालवायला कुणाला शिकवणार, ते लिहिलंय का त्यात?"

ते त्यात नाही. त्यासाठी यंत्रमानवाच्या कपाटाकडेही जावं लागेल. ते पुस्तक मात्र विकत घेऊ नका, वाचनालयातून आणा. आधी छापल्याचं साल बघा. यंत्र हजारो उदाहरणांवरून कसं शिकतं, कुठं चुकतं आणि कोणती कामं त्याला अजून जमत नाहीत, हे सांगितलं असेल तर घरी न्या. नुसतीच यंत्रमानवांची चित्रं असतील, तर ठेवून द्या जागेवर.