'थ्रिलर'ची खामगाव आवृत्ती

मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' अमेरिकेत निघाला १९८२ च्या नोव्हेंबरात. खामगावात आमच्या दादाच्या हाती तो पडला बऱ्याच वर्षांनी, आणि तोही बसस्टँडजवळच्या रेकॉर्डिंगवाल्यानं ६० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून दिलेला. गाणी नऊ, मिळून ४२ मिनिटं. म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-दहा मिनिटांची फीत उरते. पहिल्या बाजूच्या शेवटी व्हिन्सेंट प्राइसचं ते भुताचं हसणं संपलं, की आमच्या कॅसेटवर टाळ वाजायचे आणि शेगावच्या गजानन महाराजांची आरती सुरू व्हायची. दादा तणतणत दुकानात गेला, तर रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "कोरी फीत कायले सोडू बाप्पा? महाराजाची आरती टाकून देल्ली."

खरं तर त्या आरतीमुळंच मायकलला घरात थारा मिळाला. आई चुलीपासून "आवाज कमी कर रे" म्हणून ओरडायची आणि टाळ ऐकू आले की पिठाचे हात तसेच जोडायची. कुणी त्यावर दुसरं काही भरू नये म्हणून दादानं कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे पेचकसानं मोडून टाकले होते. आरती तेव्हापासून कायमची झाली.

१ नोव्हेंबर १९९६ ला मायकलचा कार्यक्रम मुंबईत, अंधेरीला झाला. मलकापूरहून रात्रीची गाडी धरायची, दादानं सगळं ठरवलं होतं. पण कापूस वेचणीला आलेला आणि बाबांची कंबर धरलेली. तो गेला नाही. पुढं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

२००० च्या पावसाळ्यात काविळीनं दादा गेला. पुढच्याच वर्षी 'थ्रिलर'ची विशेष आवृत्ती निघाली. २००८ मध्ये पंचविशीची आली, नव्या गायकांच्या रीमिक्ससकट. ती सीडी मी घेतली. दादानं त्या रीमिक्सना शिव्या घातल्या असत्या, आणि रास्तच. २५ जून २००९ ला मायकलही गेला, तरी आवृत्त्या थांबल्या नाहीत. २०२२ मध्ये चाळिशीची निघाली, कपाटात राहिलेली जुनी गाणी जोडून. उरलेल्या जागेत काय भरावं, हे त्या सगळ्या कंपनीवाल्यांपेक्षा आमच्या बसस्टँडवरच्या माणसाला जास्त कळत होतं.