करोल बागेतील ओतकाम

दिल्लीस आलेल्या पाहुण्याला यजमान लाल किल्ला व कुतुबमिनार दाखवितात आणि खरेदीची वेळ आली की करोल बागेस नेतात. १९२० च्या दशकात कॅनॉट प्लेस उभारण्यासाठी माधोगंज, जयसिंगपुरा व राजा का बाजार ही गावे उठविण्यात आली. तेथील रहिवाशांना या भागात वसविले गेले. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातील निर्वासितांनी येथे नव्याने संसार व दुकाने थाटली. हकीम अजमल खान यांचे तिब्बिया महाविद्यालय याच वस्तीत असून त्याचे उद्घाटन १९२१ साली गांधीजींच्या हस्ते झाले.

मराठी प्रवाशाने मात्र हमरस्ता सोडून बीडनपुरा आणि रेगरपुरा यांच्या गल्ल्यांत शिरावे. येथे सोन्याचांदीचे काम चालते. बंगाली कारागिरांच्या बोलीसोबत सांगलीकडची मराठीही कानी पडते. खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील अनेक कुटुंबे गलाईच्या, म्हणजे जुने सोने आटवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त देशभर पसरली. त्यांतील काही येथे स्थिरावली.

शुद्ध झालेल्या सोन्याचा दागिना पुष्कळदा ओतून घडवितात. प्रथम मेणाच्या प्रतिकृती करून त्या एका मेणाच्याच दांड्यावर फांद्यांप्रमाणे जोडतात. हे ‘झाड’ पोलादी नळकांड्यात उभे करून त्याभोवती पांढरे पातळ मिश्रण ओततात. मिश्रणाची पूड जिप्सम व सिलिका यांची असते. ती घट्ट झाली की भट्टीत मेण वितळून जाते आणि उरलेल्या पोकळीत सोने शिरते.

सारी मदार त्या मिश्रणाच्या प्रवाहीपणावर असते. ते दाट झाले तर बारीक नक्षीत पोहोचत नाही आणि हवेचे बुडबुडे मेणाला चिकटून राहतात. प्रत्येक बुडबुड्याच्या जागी पुढे सोन्याचा एक मणी उमटतो, तो कानशीने काढावा लागतो. म्हणून पाणी वाढवावे, असे नवख्यास वाटते. पण जास्त पाण्याने साचा ठिसूळ होऊन भेगाळतो. यासाठी १०० भाग पुडीस सुमारे ४० भाग पाणी वजन करूनच घेतात, पूड पाण्यात टाकतात आणि निर्वात यंत्राने हवा ओढून घेतात. हे सारे आठ-नऊ मिनिटांत उरकावे लागते. पुढे जिप्सम आवळू लागते.

येथे दिल्लीची हवा आडवी येते. मे-जूनमध्ये गच्चीवरील टाकीचे पाणी तापलेले असते. ते तसेच वापरले तर मिश्रण वेळेआधीच घट्ट होते. जानेवारीच्या गारठ्यात याच्या उलट घडते. म्हणून जाणता कारागीर पाण्याची उष्णता विशीच्या थोडी वर राखतो. भट्टीचा ताव सुमारे ७३० अंशांपलीकडे जाऊ देत नाही. अन्यथा जिप्सम विघटित होऊन त्यातील गंधक सोन्यास बाधते.

दिल्लीच्या आग्नेयेस खुर्जा हे कुंभारकामाचे प्रसिद्ध गाव आहे. तेथे हेच जिप्सम उलट भूमिका बजावते. साचा प्लास्टरचा, आणि त्यात ओतायची ती पातळ चिनी माती. प्लास्टर पाणी शोषते व कडेला मातीचा थर धरतो. मातीतही पाणी वाढवून चालत नाही. साचा लवकर भिजतो, भांडे आक्रसून तडकते. तेव्हा सोडियम सिलिकेट किंचित, शेकडा अर्ध्या भागाहूनही कमी, घालतात. त्यामुळे एकमेकांस बिलगलेले मातीचे कण परस्परांस दूर ढकलू लागतात आणि दाट चिखल थोड्याच पाण्यात वाहता होतो. प्रमाण ओलांडले, की तो पुन्हा दाटतो.

या कामात एक धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. सिलिकेची बारीक धूळ श्वासावाटे वर्षानुवर्षे गेली तर फुफ्फुसे कायमची निकामी होतात. पूड ओतताना नाकातोंडावर योग्य मुखपट्टी असावी, धूळ शोषणारा पंखा चालू असावा आणि जमीन कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. अरुंद, बंद खोलीत काम करणाऱ्यास ही काळजी अनावश्यक वाटू नये. गावाकडे त्याच्या मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या घराला दागिन्याच्या झळाळीपेक्षा त्याचा श्वास अधिक मोलाचा आहे.