पार्टिशन पाडण्याआधी

कॅबिनेट उघडण्याच्या आधी मी गिऱ्हाइकाला एकच विचारतो, यातलं काय गेलं तर चालेल? बऱ्याच जणांना हा प्रश्न अपशकुनी वाटतो. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या स्टुडिओत विचारला की शूटिंगवाले दादा म्हणतात, "आवो, काहीच जायला नको." सांगलीत गणपती पेठेतही तेच उत्तर मिळतं. पण डिस्कचे भाग कसे पाडायचे, कोणती सिस्टीम कुठे बसवायची, वेग कुणाला द्यायचा, हे सगळं या उत्तरावरच ठरतं. त्यामुळे चहा येतो, थंड होतो आणि मी विचारतच राहतो.

माझ्याकडे वारंवार येणारं काम असं. बाप लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करतो. त्याचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. पत्रिका, अल्बमची नावं, फ्लेक्स हे सगळं वर्षानुवर्षं श्रीलिपीत केलेलं, तेही विंडोजवरच. मुलगा सांगलीला विश्रामबागेत, वालचंद कॉलेजात. तिथे विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे, वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवतात आणि पोरगं सुट्टीला घरी येतं ते लिनक्स मागतच. घरात दमदार मशीन एकच. एका सिस्टीमच्या पोटात दुसरी चालवता येते, पण मग मेमरी वाटून घ्यावी लागते आणि लग्नसराईत वाटून घेण्याएवढं काही शिल्लक नसतं. दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी टाकल्या की जो बसेल त्याला अख्खं मशीन मिळतं. मला हाच मार्ग आवडतो.

आता दोन हार्डडिस्क जोडून एक करण्याचा भाग. पत्ते वाटताना एक पान इकडे, एक पान तिकडे जातं, तसा डेटा दोन डिस्कवर वाटला जातो. तुकडा १२८ किलोबाइटचा धरला, तर ५ एमबीच्या एका फोटोचे ४० तुकडे होतात, २० या डिस्कवर आणि २० त्या. दोन्ही डिस्क एकाच वेळी कामाला लागतात, म्हणून सलग वाचन-लेखन जवळजवळ दुप्पट वेगाने होतं. सेकंदाला १०० मेगाबिटच्या फोर-के फुटेजचा एक तास म्हणजे ४५ जीबी. अशा लांबलचक फाइलींना याचा खरा उपयोग. विंडोज चालू होणं, छोट्या छोट्या फाइली उघडणं यात फारसा फरक पडत नाही. म्हणून दोन्ही सिस्टीम मी लहानशा एसएसडीवर टाकतो आणि जोडलेल्या डिस्क फक्त चालू कामासाठी ठेवतो.

आणि धोका? एक डिस्क मेली की दुसरीवर उरतात ते एकाआड एक तुकडे. फोटो अर्धा मिळत नाही, मिळतच नाही. कुठली फाइल कुठे आहे याची यादीसुद्धा दोन्हीकडे वाटलेली असते. समजा, एका डिस्कची वर्षात बिघडण्याची शक्यता शंभरात पाच. दोन जोडल्या की ती शंभरात जवळजवळ दहा होते. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्क एकत्र जोडण्यावर जो निबंध मांडला, त्यातल्या १ ते ५ या साऱ्या पातळ्यांमध्ये डिस्क गेली तरी माहिती वाचवण्याची सोय होती. आपण वेगासाठी वापरतो ती शून्य पातळी त्यात नव्हती. तिच्यात वाचवणारं काहीच नाही.

दोन सिस्टीम आणि जोडलेल्या डिस्क एकत्र आल्या की खरी कसोटी लागते, कारण ही जोडणी दोघींनाही सारखीच कळायला हवी. मशीन चालू होताना मदरबोर्ड दोन डिस्क एक म्हणून दाखवतो, पण सिस्टीमने ताबा घेतला की तिला त्या पुन्हा दोन दिसतात. ड्रायव्हर असेल तरच त्या एक होतात. एक्सपीच्या काळात इन्स्टॉल सुरू होताच निळ्या स्क्रीनवर खाली एक ओळ काही सेकंद यायची. तेवढ्यात एफ६ दाबून फ्लॉपीतून ड्रायव्हर द्यावा लागे. फ्लॉपी बाजारातून गेल्यावरही या एका ओळीसाठी मी पिशवीत यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह बाळगत होतो. आता तो त्रास गेला, निवड मात्र राहिली. विंडोजच्या आतून केलेली जोडणी लिनक्स आपणहून ओळखत नाही, लिनक्सने जोडलेल्या डिस्क विंडोजला मुळीच समजत नाहीत. म्हणून मी मदरबोर्डच्या पातळीवरची जोडणी घेतो. इंटेलची असेल तर लिनक्सलाही ती नीट वाचता येते. आधी विंडोज, मग लिनक्स, हा क्रम मी मोडत नाही.

त्यानंतरची दोन कामं लहान, पण ती केल्याशिवाय मी निघत नाही. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि डिस्कची अवस्था मनात धरून ठेवतं. तेवढ्यात लिनक्समधून त्याच डिस्कवर लिहिलं तर फाइली बिघडतात. म्हणून फास्ट स्टार्टअप बंद. दुसरं काम घड्याळाचं. मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक मानतं, लिनक्स जागतिक. पोराने रात्री लिनक्स वापरलं की सकाळी बापाचं घड्याळ साडेपाच तास मागे. वरवर गंमत वाटते, पण तारखा बघून बॅकअप घेणारा प्रोग्राम आज बदललेली फाइल जुनी समजून सोडून देतो. दोघींना एकाच वेळेवर आणतो आणि दोन्हीकडून आळीपाळीने चालू करून घड्याळ बघतो.

बॅकअपचं मी एवढं लावून धरतो, त्यामागे सांगलीचा २०१९ चा ऑगस्ट आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. मारुती चौक, टिळक चौक पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर गाळाने भरलेली कॅबिनेटं बघितली. साध्या हार्डडिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं. फिल्टर धूळ अडवतो, पुराचं पाणी नाही. अशी डिस्क घरी वाळवून चालू करायची नसते. आत सुकलेला गाळ तबकडी खरवडतो. ती ओलीच, बंद पिशवीत घालून डेटा काढणाऱ्या लॅबकडे द्यावी. आणि डिस्क जोडलेल्या असतील तर एक वाचून भागत नाही, दोन्ही वाचाव्या लागतात. लोकांनी विचारलं ते मशीनचं नव्हतं, "लग्नाचं मूळ फुटेज मिळंल का?" एवढंच. ती वरात परत निघणार नव्हती आणि त्यातले आजी-आजोबा काहींच्या घरात आता नव्हते.

म्हणून तिसरी, स्वतंत्र डिस्क असल्याशिवाय मी दोन जोडून देत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी. कार्डावरचं फुटेज आधी तिसरीवर, मग कामाच्या डिस्कवर. शिवाय आणखी एक प्रत दुसऱ्या घरी, सांगलीत तर उंचावरच्या नातेवाइकांकडेच.

मशीन ताब्यात देण्याआधी मी एक प्रयोग समोर करून दाखवतो. जोडलेल्या डिस्कवर नमुन्याचं फुटेज टाकतो, मशीन बंद करतो आणि दादांनाच एका डिस्कची केबल काढायला सांगतो. चालू केल्यावर लाल अक्षरांत 'फेल्ड' येतं, ड्राइव्ह नाहीसा होतो. दोन मिनिटं कुणी बोलत नाही. मग केबल लावून जोडणी नव्याने करतो आणि तिसऱ्या डिस्कवरून फुटेज परत आणायला मुलाला बसवतो. बाप शेजारी उभा राहून बघतो. विंडोजमधून जमलं की तेच लिनक्समधूनही करायला लावतो. शेवटी कोणती केबल कोणत्या पोर्टला, तुकडा केवढा, डिस्कचे नंबर काय, हे जाड पेनने कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवतो. उद्या मदरबोर्ड गेला तर हे मशीन माझ्याकडेच येईल असं नाही. जो कोणी ते उघडेल त्याला हा कागद लागेल.