गाणं कुणाचं म्हणून लिहू?

फोनवरून आलेल्या गाण्याला नाव नसतं. इंग्रजीत ‘एयूडी’, मग तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि चार आकडे, एवढंच व्हॉट्सअ‍ॅपनं त्याच्यावर लिहिलेलं असतं. दुष्काळी पट्ट्यातल्या एका सामुदायिक रेडिओ केंद्राच्या संगणकात अशा फायलींची रांगच्या रांग पडलेली असायची. एकीत पंचमीचं गाणं, एकीत पाणी समितीच्या अध्यक्षांचं भाषण, एकीत नुसता एसटीचा हॉर्न. कुठल्या आकड्यामागं काय आहे, हे सकाळच्या पाळीच्या निवेदिकेला तोंडपाठ. ती रजेवर गेली की त्या दिवशी केंद्रावर अभंगच अभंग. नीट नावं घातलेली सीडी तेवढी अभंगांचीच होती.

या सगळ्यासाठी संगणकावर एक पान तयार करायचं, हे माझं काम. फाइल निवडा, माहिती भरा, चढवा. ऐकायला इतकं सोपं, की सांगणाऱ्यालाही आपण काही अवघड काम देतोय असं वाटलं नव्हतं.

शहरातल्या मोठ्या एफएम केंद्राला गाणी बहुतेक नावगाव लावूनच मिळतात. सामुदायिक केंद्राचं तसं नाही. २००६च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांना असं केंद्र काढायची मुभा दिली, तेव्हाच अट घातली की निम्मे तरी कार्यक्रम तिथल्या लोकांच्या सहभागातून व्हावेत. शंभर वॉटचा ट्रान्समीटर, तीस मीटरपर्यंतचा मनोरा, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. तेवढ्या टापूतलं गाणं त्या टापूतच फिरतं, आणि ते चढवणारीला गाणारीचं माहेरसुद्धा ठाऊक असतं. माझ्या पानानं तिला विचारायचं तरी काय?

पानावरचे रकाने मी कल्पनेनं आखले नव्हते. एमपी३ फाइलला माहितीची चिठ्ठी चिकटवायची रीत १९९६ साली निघाली. फाइलच्या शेवटी अवघे १२८ बाइट. त्यात शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. देवनागरीची सोय त्यात कुणी धरलीच नव्हती. आजच्या युनिकोडच्या रूढ पद्धतीनं ती कोंबायची म्हटली, तर एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, पाय मोडणं ही सगळी वेगळी चिन्हं. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मोजून पाहा. बरोबर दहा चिन्हं, तीस बाइट. माउली मावतात, त्यांच्यापुढं ‘श्री’ लिहायलाही जागा नाही. पुढच्या आवृत्त्यांनी ऐसपैस जागा केली, पण चिठ्ठीचा स्वभाव तोच राहिला. गाण्याला एक शीर्षक असणार, एक कलाकार असणार आणि ते कुठल्या तरी अल्बममधलं असणार.

मराठी कानाला हे पहिल्यापासून खटकणारं आहे. आकाशवाणीनं आपल्याला गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं ऐकायची सवय लावली. पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ला सुरू झालेलं ‘गीतरामायण’ घ्या. शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची, आणि छप्पन्न गीतं तेव्हा निरनिराळ्या गायक-गायिकांनी म्हटलेली. पुढं तीच बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात घराघरांत गेली. ‘कलाकार’ या एका रकान्यात लिहायचं कुणाला? म्हणून मी तीन रकाने केले, आणि तिन्हींवर लाल तारा लावला. भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, अशी ताकीद.

चाचणीचं एक शास्त्र आहे. समोरच्याला मोठ्यानं विचार करायला सांगा आणि आपण गप्प बसा. १९८२ साली आयबीएममध्ये क्लेटन लुइस यांनी ते संगणकाच्या कामात आणलं. पण पुण्याहून आलेल्या मॅडमसमोर कोण मोठ्यानं विचार करणार? “छान आहे की, मॅडम.” पहिलं वाक्य हेच, शेवटचंही हेच, मधे चहा. बोट मात्र माऊसवर अडलेलं दिसायचं. तोंड भिडेखातर बोलतं, बोटाला भीड नसते, म्हणून मी बोटांकडेच बघत बसायचे.

मग एकेकीला बसवणं सोडलं आणि दोघींना एकाच पडद्यासमोर बसवलं. सकाळची निवेदिका आणि महिलांच्या कार्यक्रमाच्या मावशी. पाच मिनिटांत त्या मला विसरल्या.

“हितं काय लिवायचं गं?”

“संगीतकार.”

“जात्यावरच्या ओवीला कुठला आलाय संगीतकार?”

“मावशी, लाल चांदणी हाय. लिवल्याबिगर पुढं जात न्हाई.”

“मग जातं लिव.”

आणि तिनं लिहिलं. संगीतकार : जातं. पान खूश झालं, पुढं गेलं. मला हसू आवरेना, पण उत्तर चूक नव्हतं. ओवीची लय धरून ठेवतं ते जातंच. गायिकेच्या रकान्यात पुन्हा खोळंबा. म्हणणारी कोण ते माहीत होतं. पण तिनं ओवी घेतली आत्याकडून, आणि आत्यानं सासरी आल्यावर जावेकडून. “एकीचंच नाव लिवलं तर बाकीच्या काय म्हणतील?” मावशींना खरी काळजी ती होती.

गी पॉइट्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात ओवीशी गाणारीचं नाव आणि गाव जोडलेलं आहे. मी तो आधीही चाळला होता, पण रकाना कसा असावा हे त्यातून शिकायचं असतं, हे त्या दुपारी कळलं. सगळे लाल तारे काढून टाकणंही शक्य नव्हतं. सिनेमातलं किंवा रेकॉर्डवरचं गाणं लावायचं तर हक्काचे पैसे द्यावे लागतात, तिथं तिन्ही नावं हवीतच. म्हणून पान आता सुरुवातीलाच विचारतं : रेकॉर्डवरचं, की गावातलं? गावातलं म्हटलं की संगीतकार गळतो, आणि ‘कुणाकडून आलं’ या शब्दांखाली हव्या तितक्या ओळी उघडत जातात. आत्या, जाऊ, जावेची आई. तीस बाइटांचा हिशेब तिथं कुणी विचारत नाही.

बाकीच्या दुरुस्त्या किरकोळ. वीज गेली तर चढवणं अर्ध्यातून पुढं सुरू व्हावं, गाण्याच्या आधीची शांतता यंत्रानं आपल्या अकलेनं कापू नये, कारण त्या शांततेत कधी कधी गाणारी दम घेत असते.

एका रकान्याची मागणी मात्र मला कधीच सुचली नसती. मावशी म्हणाल्या, “हे गाणं कधी लावायचं न्हाई, ते लिवायला जागा ठेवा.” रात्री केंद्रावर माणूस नसतो, संगणक आपल्या मनानं गाणी लावतो, मग भूपाळी रात्री नऊला लागते, पंचमीचं गाणं उन्हाळ्यात. आमच्या प्रोग्रामरनं फोनवर विचारलं, हा रकाना कसला? तारखेचा, वेळेचा, की हो-नाहीचा? मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, तसलं काही नको, नुसती जागा ठेवा. यंत्राला यातलं काही कळणार नाही, असं त्यानं बजावलं. रात्रीच्या यादीतून त्याला वेळेनुसार गाणी वगळायची होती. शेवटी तडजोड झाली. या रकान्यात काहीही लिहिलेलं असलं, तर ते गाणं यंत्रानं आपणहून लावायचं नाही.

आता सगळ्या पानावर सर्वांत जास्त मजकूर त्याच रकान्यात असतो. ‘लग्नसराई संपल्यावर नको.’ ‘वरच्या आळीत कुणी गेलं असेल तर चार दिवस नको.’ आणि एका लांबलचक गवळणीपुढं : ‘दुपारी एक ते तीन नको. लाइट जाते, शेवटचं कडवं राहतं, मग बायका फोन करून भांडतात.’