साधन या शब्दाचे दोन अर्थ

थ्रेड : जुन्या गेम कन्सोलसाठी आजही प्रोग्रॅम लिहिले जातात. ते कशाने लिहिले जातात, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तिकडे का पाहावे, याविषयी.

निन्टेन्डोचा 'गेम बॉय' १९८९ साली जपानमध्ये विक्रीस आला. ८ बिटांचा प्रोसेसर, ८ किलोबाइट मेमरी आणि खेळ साठवलेले कार्ट्रिज, एवढाच संसार. कार्ट्रिजमधील मजकूर कारखान्यात एकदा कोरला की कायमचा; ताम्रपटच म्हणा ना! खेळ काढायचा तर कंपनीचा परवाना हवा आणि तो कोरून देणारा कारखानाही हवा.

फ्लॅश कार्ट्रिजने कारखान्याची अट संपवली. त्यातील चिप विजेने पुसता येते आणि पुन्हा लिहिता येते. परवान्याची अट मात्र यंत्रातच बसवलेली होती. सुरू होताच गेम बॉयमधील अवघ्या २५६ बाइटांचा प्रोग्रॅम कार्ट्रिजमधील ठरावीक ४८ बाइट वाचतो. हे बाइट म्हणजे निन्टेन्डोचे बोधचिन्ह. यंत्रातील प्रतीशी ते जुळले नाही, तर यंत्र तिथेच थांबते. (कार्ट्रिज न लावता यंत्र सुरू केल्यास वरून उतरणारा काळा पट्टा दिसतो, तो याच बोधचिन्हाच्या जागी.) खरी मेख कायद्याची होती. परवान्याविना खेळ चालवायचा, तर कंपनीचे व्यापारचिन्ह नकलावेच लागणार. मुद्रेशिवाय पत्र ग्राह्य नाही, आणि मुद्रा उमटवली तर बनावटीचा आरोप! सेगा कंपनीनेही आपल्या कन्सोलवर अशाच धाटणीचा बंदोबस्त केला होता; १९९२ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने त्या खटल्यात अ‍ॅकोलेड या प्रतिपक्षाच्या बाजूने कौल दिला.

आता साधनांकडे येऊ. आरजीबीडीएस या संचाचे मूळ १९९० च्या दशकातील डॉसवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये आहे. आज तो विंडोज, मॅक, लिनक्स कशावरही चालतो. त्यातील एक प्रोग्रॅम असेम्ब्ली भाषेचे यंत्रभाषेत रूपांतर करतो, दुसरा तुकडे जोडतो, आणि तिसरा वर सांगितलेले बोधचिन्ह व पडताळणीची बेरीज योग्य जागी भरतो. सी भाषेत लिहिणाऱ्यांसाठी जीबीडीके आहे. एकही ओळ न लिहिता खेळ रचणाऱ्यांसाठी जीबी स्टुडिओ.

हा विषय मी लघुप्रबंधासाठी सुचवला, तेव्हा पहिला प्रश्न आला : 'यात साधने कोणती?' प्रश्न रास्त होता. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'पासून आपण हा शब्द पुरावा या अर्थी वापरतो. सुताराच्या पेटीतही साधनेच असतात. माझे म्हणणे असे, की इथे हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूत उतरतात.

उदाहरण 'पोकेमॉन रेड'चे. हौशी अभ्यासकांनी कार्ट्रिजमधील यंत्रभाषा उलगडून तिचा वाचनीय पाठ सिद्ध केला आहे. तो पाठ आरजीबीडीएसमधून पुन्हा बांधला की मूळ कार्ट्रिजशी बाइटन् बाइट जुळणारी प्रत हाती येते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अनेक हस्तलिखितांवरून हरवलेल्या पाठाकडे जायचे होते. इथे अंतिम प्रत हातात आहे. तिच्यामागचे लेखन तेवढे आपल्यासमोर नाही. कसोटी इतकी कठोर, की एक बाइट चुकला तरी पडताळणी फसते. तरीही सावध राहायला हवे. त्या पाठातील नावे आणि टिपा बव्हंशी अभ्यासकांच्या आहेत, मूळ लेखकांच्या नव्हेत. पाठ सिद्ध करताना आरजीबीडीएसची कोणती आवृत्ती वापरायची हेही ठरलेले असते; भलत्या आवृत्तीत तो बांधला जाईलच असे नाही. म्हणून मी आवृत्तीक्रमांक संदर्भसूचीत घालते. मोडी कागदाचा दप्तर क्रमांक आपण देतोच की.

आणि फ्लॅश कार्ट्रिज? एम्युलेटर पुरेसा नाही का? बहुतेक कामांना पुरतो. पण गेम बॉय पडद्यावर रेघ काढत असताना चित्रस्मृतीत लिहिलेले खरे यंत्र स्वीकारत नाही. जुने एम्युलेटर ते खुशाल स्वीकारत. त्यांच्यावर सुरळीत चालणारे काही हौशी खेळ खऱ्या गेम बॉयवर विस्कटतात. ते नेमके कुठे विस्कटतात, हे मूळ यंत्रात कार्ट्रिज खोचल्यावरच कळते.