हेड उतरल्यावर

इंजिनाचे हेड गॅस्केट बदलणे हे वरवर पाहता एका पातळ पत्र्याचे काम आहे. जुना पत्रा काढायचा, नवा ठेवायचा आणि वरचे झाकण पुन्हा आवळायचे. प्रत्यक्षात त्या पत्र्यापर्यंत पोहोचण्यासाठी इंजिनाचा अर्धा पसारा उपसावा लागतो, आणि उपसलेल्या पसाऱ्यातले काय ठेवायचे व काय टाकायचे हे ठरवण्यातच कारागिराचा खरा कस लागतो.

ज्यात पिस्टन वरखाली होतात तो खालचा भाग म्हणजे सिलिंडर ब्लॉक, आणि व्हॉल्व व स्पार्क प्लग ज्यात बसवलेले असतात ते वरचे झाकण म्हणजे हेड. या दोहोंच्या सांध्यातले गॅस्केट जळता वायू, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे तेल या तिघांना एकमेकांत मिसळू देत नाही. १९८३ मध्ये भारतीय रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनाचे उदाहरण घेतले, तर त्याच्या तिन्ही सिलिंडरांचा व्यास ६८.५ मिलिमीटर आहे. पूर्ण भाराखाली वायूचा दाब हवेच्या दाबाच्या पन्नास पट धरला, तरी एकेका सिलिंडरातून हेडला वर ढकलणारा रेटा सुमारे १,९०० किलो वजनाइतका भरतो. त्यात ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे, ज्याचे प्रसरण बिडाच्या जवळजवळ दुप्पट होते. ३० सेंटिमीटर लांबीचा भाग ८० अंशांनी तापला, तर बीड पाव मिलिमीटरच्या आसपास वाढते आणि ॲल्युमिनियम अर्ध्या मिलिमीटरहून अधिक. ही ओढाताण प्रत्येक फेरीत गॅस्केटच्याच अंगावर येते.

तरीही गॅस्केट आपणहून क्वचितच जाते, बहुधा त्याला दुसऱ्या कोणीतरी घालवलेले असते. झिजलेला पाण्याचा पंप, गाळाने अर्धा बंद झालेला रेडिएटर किंवा अडकून बसलेला थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक उष्णतेला पोहोचेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरणारी मेण भरलेली झडप, यांपैकी एकाने इंजिन तापवलेले असते. मूळ गुन्हेगार जागेवर ठेवून नुसते गॅस्केट बदलले, तर नव्याचीही तीच गत होते. आपल्याकडे थर्मोस्टॅट बिघडला की तो काढून टाकून ‘देश गरम आहे, लागतो कशाला’ असे म्हणण्याची रीत आहे. तिच्यापायी इंजिन फार वेळ थंडच चालते, तेल जाड राहते आणि झीज वाढते, हे सहसा कोणी हिशेबात धरत नाही.

हेड उतरल्यावर त्याचा खालचा पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर पोलादी सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरली जाते, आणि तिच्याखाली फिलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांपैकी एकेक पाती सरकवून पाहिली जाते. ०.०५ मिलिमीटरची पाती सहज आत शिरली की हात थबकतो, कारण पुष्कळ इंजिनांची मर्यादा तेथेच किंवा तिच्या थोडी पुढे असते. ती ओलांडली असेल तर हेड लेथवाल्याकडे फेस मारायला जाते. फिरत्या घासचकतीने हेच काम गॅरेजातच उरकण्याचा मोह वाईट: मऊ ॲल्युमिनियमवर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात, आणि चकतीची धूळ तेलाच्या वाटांतून थेट बेअरिंगपर्यंत जाते.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. झिजलेला भाग एकटा झिजत नाही, तो आपल्या जोडीदाराबरोबर झिजतो. व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमच्या उंचवट्याखाली वर्षानुवर्षे घासलेला रॉकर त्याच उंचवट्याला जुळलेला असतो, व्हॉल्व आपल्याच बैठकीवर बसायला सरावलेला असतो. म्हणून जाणता मिस्त्री उतरवलेले भाग पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांत क्रमवार खोचून ठेवतो आणि ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या जागी परत पाठवतो. अशा जोडीतला एकच भाग नवा घालणे पुष्कळदा दोन्ही जुने ठेवण्यापेक्षा वाईट ठरते. याउलट व्हॉल्व सील, म्हणजे व्हॉल्वच्या दांड्यावरून तेल खाली उतरू न देणारी रबरी टोपी, बोटांत दाबल्यावर बांगडीसारखी कडक लागली, तर तिच्यावर विचार करत बसण्यात अर्थ नाही. वस्तू स्वस्त, तिच्यापर्यंत पोहोचणे महाग. टायमिंग बेल्ट आणि त्याचा ताण धरणारी पुली यांनाही हाच न्याय लागू. काही इंजिनांचे हेड बोल्ट आवळताना ताणले जावेत असेच घडवलेले असतात, आणि एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. ते बदलण्यात काटकसर करणे हा सरळसरळ अडाणीपणा आहे. बोल्टाच्या बंद भोकात तेल किंवा पाणी साचून राहिले, तर आवळताना त्याला निघायला वाट मिळत नाही आणि त्या दाबाने ब्लॉकच तडकू शकतो, म्हणून भोके कोरडी करणे हेही याच कामात येते.

सिलिंडरात खाली डोकावल्यावर मात्र निर्णय कठीण होतो. भिंतीवरून नख वरच्या काठाकडे फिरवले असता ते एखाद्या पायरीला अडले, तर जेथे पिस्टनच्या रिंगा पोहोचत नाहीत ती पट्टी मूळ मापाची राहिली आणि तिच्याखालची भिंत झिजली, असा त्याचा अर्थ होतो. भिंतीवरच्या तिरक्या जाळीदार रेघा अजून दिसत असतील, तर खालचे काम न उघडणेच शहाणपणाचे. त्या पुसून भिंत आरशासारखी झाली असेल, तर वरची गळती थांबल्यावर खालची उघडी पडण्याची शक्यता असते, आणि ही गोष्ट मालकाला हेड चढवण्यापूर्वीच सांगावी लागते. तेलात पाणी मिसळून ते दुधाळ झालेले असेल, तर अशा तेलावर गाडी किती चालली हेही विचारावे लागते, कारण त्याची किंमत खालच्या बेअरिंगांनी मोजलेली असते.

जुळणी करताना बोल्ट मधल्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळले जातात. मग तेल आणि कूलंट भरून, रेडिएटरचे झाकण उघडे ठेवूनच थंड इंजिन सुरू केले जाते. अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघत राहते आणि पातळी खाली गेली की भर घातली जाते. थर्मोस्टॅट उघडला की वरचा रबरी पाइप एकदम गरम लागतो, बुडबुडे थांबतात, आणि मगच झाकण लावले जाते.